घर खायला उठतं तेव्हा नेमकं काय होतं?

संगमाकाठची

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते आहे. जरा लांबेल.

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आतेभावाने आजीचा व्हिडिओ टाकला. आजीला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तिचं चालतं-बोलतं चित्रण कुणाकडेच नाही. आहे तो एकच धड फोटो, कराडच्या एका स्टुडिओत काढलेला, कृष्णधवल. दादाने तो कुठल्याशा ॲपमध्ये घातला आणि आजी हलायला लागली. आधी पापण्या मिटल्या, उघडल्या. मग मान जराशी डावीकडे वळली. मग ओठ विलग करून ती हसली. सात-आठ सेकंदांत संपलं, की परत पहिल्यापासून.

ग्रुपवर सगळ्यांचं रडून झालं, हात जोडून झाले. आत्याने लिहिलं, "आई आली." मी ओट्याशी उभी होते. मलाही भरून यायला हवं होतं, पण पोटात खड्डा पडला आणि मी फोन पालथा घातला.

रात्री धीर करून पुन्हा पाहिला, आणि मग लक्षात आलं की हलतो तो फक्त चेहरा. मान वळते, पण डोक्यावरचा पदर जागचा हलत नाही. गळ्यातली पोतही तशीच, जणू भिंतीवर काढलेली. आणि दात! आजीचे पुढचे दोन दात माझ्या आठवणीच्याही आधी पडले होते, म्हणून ती कायम पदर तोंडाशी धरून हसायची. व्हिडिओतल्या बाईला सगळे दात आहेत, सरळ, एकसारखे. ते दात कुणाचे आहेत?

तेव्हापासून या भावनेसाठी शब्द शोधते आहे. भीती म्हणवत नाही, आजीची कसली भीती! 'गूढ'मध्ये धुकं असतं, ओढ असते. इथे तर सगळं लख्ख दिसत होतं. 'भेसूर' फार मोठा पडतो. शेवटी आईला फोन केला तेव्हा तोंडून आपसूक निघालं, "अगं, मला कसंतरीच झालं." आई म्हणाली, "हो गं, मलाही." तिला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

इंग्रजीत याला अनकॅनी म्हणतात, पण मला जर्मन शब्द जवळचा वाटला: उनहाइमलिश. त्याच्या पोटात 'हाइम' आहे, म्हणजे घर. एर्न्स्ट येंच या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने १९०६ साली यावर निबंध लिहिला. समोरची वस्तू सजीव की निर्जीव याचा निवाडा मनाला करता येत नाही, तेव्हा असं वाटतं, हे त्याचं म्हणणं. १९१९ मध्ये मनोविश्लेषक फ्रॉइडने हाच विषय घेतला आणि आधी शब्दकोश उघडला. त्यात त्याला दिसलं की 'हाइमलिश'चे दोन अर्थ आहेत. एक घरचं, उबेचं, ओळखीचं. दुसरा झाकलेलं, चारचौघांपासून लपवलेलं. दुसऱ्या अर्थाने चालत गेलं की तो शब्द आपल्याच विरुद्ध शब्दाला, 'उनहाइमलिश'ला, जाऊन मिळतो.

हे वाचलं आणि थबकलेच, कारण मराठीतही घराचं अगदी हेच झालं आहे. 'घरच्यासारखं' म्हणजे मोकळं. पण 'घरातलं घरात राहू दे' म्हणजे गुपित. आणि माणूस गेलं की, तेच दार, तीच खुंटी, तोच पाट असूनही आपण म्हणतो, घर खायला उठतं. परकं घर कुणाला खायला उठत नाही. उठतं ते आपलंच.

तुम्हाला हे कधी, कशाने झालं आहे? भुताचे किस्से नकोत असं नाही, पण मला ओळखीच्या गोष्टींबद्दल ऐकायचं आहे. ओळखीचं असूनच परकं झालेलं.

---

निळीदौत

पदर हलत नाही, हे वाचून मलाच कसंतरी झालं. छान लिहिलंय, आणखी लिहीत जा.

माझा अनुभव अगदी साधा आहे. शाळेत शुद्धलेखन चुकलं की तो शब्द शंभर वेळा लिहायला लावत. तिसाव्या-चाळिसाव्या वेळी शब्द शब्दच राहायचा नाही. 'पाऊस' असं लिहिलेलं दिसायचं, पण त्यात पाऊस नसायचा. लहानपणी वाटायचं, आपल्या डोक्यात बिघाड आहे. आता कळलं की याला नाव आहे, 'जामे व्यू', म्हणजे देजा व्यूच्या उलट. देजा व्यूत नवं ओळखीचं वाटतं, इथे ओळखीचं नवखं वाटतं. मानसशास्त्रज्ञ ख्रिस मूलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एकच शब्द पुन्हापुन्हा लिहायला लावून हे तपासलं. त्यांच्या शब्दांतला एक होता 'डोअर', म्हणजे दार. लिहिता लिहिता साधारण मिनिटभरात बऱ्याच जणांना तो शब्द परका वाटू लागला आणि त्यांनी हात थांबवला. २०२३ साली या कामाला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

---

अंगठा-तर्जनी

ताई, मी कृत्रिम हातपाय बसवायच्या कामात आहे. तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते. पॉवर प्रेसमध्ये उजवा पंजा गेलेला. पंजाऐवजी बसवतात तो हूक त्यांनी नाकारला, म्हणाले, लोकांच्या लक्षात येऊ नये असा हात द्या. आम्ही सिलिकॉनचं आवरण असलेला हात केला. डाव्या हाताशी रंग जुळवला, नखं, शिरा, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या, सगळं. मला स्वतःला त्या कामाचा अभिमान वाटला होता. दोनेक महिन्यांनी ते परत आले आणि हूकच बसवून द्या म्हणाले. पाच वर्षांची मुलगी त्या हाताला धरून चालायला तयार नव्हती. म्हणायची, "पप्पा, झोपलेला हात नको." हूक बसवल्यावर पहिल्याच दिवशी तिने त्याला आपली पाण्याची बाटली अडकवली.

टोकियोतले रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. यंत्र जसजसं माणसासारखं दिसू लागतं तसतशी आपली आपुलकी वाढते. पण अगदी माणसाच्या जवळ आलं की ती एकदम कोसळते. त्या खड्ड्याला त्यांनी दरी म्हटलं, आणि त्यांचं मुख्य उदाहरण कृत्रिम हाताचंच होतं. दिसायला खरा, पण हातात घ्यावा तर गार आणि हाडं नसल्यासारखा. त्यांनी उपायही सुचवला होता, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. माणसाची हुबेहूब नक्कल करू नका, बुद्धमूर्तीच्या लाकडी हातासारखं काही घडवा. लाकडाचा रंग लाकडाचाच, बोटांवर ठसे नाहीत, तरी सुंदर. आपल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या आठवा. दोऱ्या दिसतात, लाकूड दिसतं, आणि तरीही डोळ्यांत पाणी येतं. बाहुली आपण बाहुली आहोत हे लपवत नाही.

आता तुमच्या आजीच्या हसण्याबद्दल. मोरींनी त्याच लेखात ओसाकाच्या १९७०च्या जागतिक प्रदर्शनातल्या एका रोबोटबद्दल लिहिलं आहे. त्याच्या चेहऱ्यात कृत्रिम स्नायूंच्या २९ जोड्या होत्या आणि तो हसायचा. त्याच्या रचनाकाराचं म्हणणं असं की हसू म्हणजे आकार नव्हे, वेग. तेच हसू निम्म्या वेगाने केलं की अंगावर येतं. फोटो हलवणाऱ्या ॲपमध्ये बहुधा दुसऱ्याच एखाद्या माणसाच्या हालचालीचं चित्रण आधीपासून असतं. ती हालचाल तुमच्या फोटोवर चढवली जाते, आणि फोटोत जे नाही, म्हणजे बंद ओठांमागचे दात, ते संगणक आपल्या अंदाजाने भरतो. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, ते दात कुणाचेच नाहीत. पण हसण्याची चाल मात्र कुणा जिवंत माणसाची असू शकते. चेहरा आजीचा आणि चाल परक्याची. तुमच्या मनाने ते ओळखलं, एवढंच.

---

निळीदौत

"झोपलेला हात". त्या मुलीने दोन शब्दांत सांगितलं.

---

गडग्यापलीकडे

आमच्या राजापूरकडे या भावनेला जागाच ठरवून दिली आहे, सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं माळरान. आणि नाव आहे चकवा.

मी बारा-तेरा वर्षांचा असताना बाबा, काका आणि मी शेजारच्या वाडीतून भजनाहून परतत होतो. आषाढ, मिट्ट ढग, बॅटरीचा उजेड चार पावलांपुढे नाही. सड्यावरून वीस मिनिटांची वाट. एक जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी बांध, लागला, एका ठिकाणी ढासळलेला, आणि त्या भगदाडात कुणाची तरी पावसात पांघरायची फाटकी इरली पडलेली. ओलांडून पुढे गेलो. थोड्या वेळाने पुन्हा गडगा, पुन्हा इरली. काका काही बोलले नाहीत, बाबाही नाहीत. तिसऱ्यांदा ती इरली दिसली तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं, ते घर येईपर्यंत सोडलं नाही. काका म्हणाले, "बसा. आता चालायचं नाही." आम्ही त्या गडग्याला टेकून उजाडेपर्यंत बसून राहिलो. उजाडलं तेव्हा आमच्या घराचं कौल तिथून दिसत होतं.

लक्षात घ्या, अनोळखी जागी पोचलो असतो तर नुसते हरवलो म्हणालो असतो. भीती इरलीची वाटली, कारण ती ओळखीची झाली होती.

पुढे नोकरीत असताना यान साउमन यांचं २००९ सालचं संशोधन वाचलं. त्यांनी जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात लोकांना सरळ चालायला सांगून जीपीएसने माग काढला. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. जंगलात ढग आले की गोल फिरू लागली, आणि आपलीच वाट ओलांडून गेली तरी त्यांना कळलं नाही. डोळे बांधले तर कधी कधी २० मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत होती. म्हणजे काकांचा उपाय शास्त्राला धरून होता, दिशेची खूण मिळेपर्यंत बसायचं. पण कारण कळलं म्हणून ती रात्र पुसली जात नाही. आजही रस्त्यात तीच वस्तू दोनदा दिसली की मनगटावर बाबांची पकड जाणवते.

---

मोडीलिपी

@गडग्यापलीकडे, तुमचा गडगा फ्रॉइडच्या निबंधातही आहे! इटलीतल्या एका गावात भर दुपारी तो अनोळखी गल्ल्यांतून फिरत होता. एका गल्लीत शिरला, तिथल्या खिडक्यांत रंगरंगोटी केलेल्या बायका बसल्या होत्या. तो लगबगीने बाहेर पडला, आणि फिरून त्याच गल्लीत आला. पुन्हा बाहेर पडला, वेगळ्या वाटेने तिसऱ्यांदा तिथेच. एखादी गोष्ट आपण न ठरवता पुन्हापुन्हा समोर येते, तेव्हा साध्या योगायोगाला कुणाचा तरी हेतू चिकटतो, असं तो लिहितो.

आणखी एक प्रसंग त्याने तळटीपेत दिला आहे. रात्रीच्या गाडीत तो आपल्या डब्यात एकटा होता. गचका बसून शेजारच्या स्वच्छतागृहाचं दार उघडलं आणि ड्रेसिंग गाऊन घातलेला, टोपी घातलेला एक म्हातारा आत आला. चुकून शिरला असेल म्हणून हा सांगायला उठला, तर तो दाराच्या आरशात पडलेला तो स्वतःच. त्या म्हाताऱ्याचं रूप आपल्याला मुळीच आवडलं नव्हतं, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. माझ्या मते सगळ्या निबंधात ही तळटीप सर्वांत खरी आहे.

बाकी निबंधाशी माझं भांडण आहे. जर्मन लेखक हॉफमानच्या 'सँडमॅन' कथेत नाथानेल नावाचा तरुण ओलिंपियाच्या प्रेमात पडतो, आणि ती यांत्रिक बाहुली निघते. येंच म्हणाला, भीती बाहुलीची आहे. फ्रॉइड म्हणाला, नाही, भीती डोळे गमावण्याची आहे, कारण कथेतला सँडमॅन मुलांचे डोळे काढून नेतो. इथवर मी त्याच्यासोबत आहे. कथेत शेवटाकडे ओलिंपियाचे डोळे जमिनीवर पडलेले दिसतात, ते वाचताना मी पुस्तक मिटलं होतं. पण मग तो ती डोळ्यांची भीती उचलून लहानपणच्या लैंगिक भीतीशी नेऊन बांधतो, आणि गोष्ट हातून निसटते. भीती डोळ्यांचीच का असू नये? आपण समोरच्यात जीव आहे की नाही हे शोधतो ते डोळ्यांतच.

---

शाडूचा_रंग

डोळ्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी पेणचा. आमचा गणपतीचा कारखाना आहे, तिसरी पिढी.

मूर्ती साच्यातून निघते, सुकते, घासकाम होतं, रंग होतो, सोनेरी होतं. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. तोवर फळ्यांवर दोनदोनशे मूर्ती बसलेल्या असतात, बिनडोळ्यांच्या. त्यांच्यात बसून आम्ही जेवतो, झोपतो, रेडिओ लावतो. काहीच वाटत नाही. माती आहे ती.

आखणी आजोबा करायचे, मग वडील, आता मी. पहाटे करतो, कारण श्वास स्थिर लागतो. बारीक ब्रशने वरची रेघ, मग खालची, मग बुबुळ, आणि शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती बघायला लागते. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. ठिपका केसभर सरकला तर नजर भलतीकडे जाते, आणि ती मूर्ती लगेच उचलून बाजूला ठेवतो, पुसून पुन्हा करतो. तिच्याकडे पाठ करून बसवत नाही.

पहिल्या वर्षी मी एका पहाटे चाळीस मूर्तींची आखणी केली आणि चहा घेऊन परत आलो. दारात पाय अडला. अर्धी खोली बघत होती, अर्धी नव्हती. भीती नव्हे, पण चप्पल बाहेर काढून आत गेलो. त्याआधी कारखान्यात कधी काढली नव्हती.

ताई, तुम्ही म्हणता त्या भावनेच्या पलीकडच्या काठाला बहुतेक भक्ती आहे. काठ एकच असावा, असं मला वाटतं.

---

भरतीओहोटी

@शाडूचा_रंग, तुमच्या मूर्तीचं दुसरं टोक मी पाहिलं आहे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काही जण समुद्रकिनारा साफ करायला जातो. शाडू विरघळून गेलेला असतो, प्लास्टर ऑफ पॅरिस विरघळत नाही. लाटा एक खांदा आणून टाकतात, एक मुकुट. एकदा अर्धा चेहरा मिळाला. रंग सगळा उडालेला, पण एक डोळा शाबूत, ठिपक्यासकट. आदल्या रात्री याच डोळ्यांपुढे मी हात जोडले होते. कुणी काही बोललं नाही. आमच्यातल्या एकीने ओढणी काढून त्यावर घातली, आणि मग आम्ही उचलला.

---

शमीची_पानं

लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या वडिलांना शेवटची तीन वर्षं स्मृतिभ्रंश होता. नावं विसरले, तारखा विसरले, ते सोसलं. एका संध्याकाळी आई त्यांना औषध द्यायला गेली, तर त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "ही बाई कोण आहे? हुबेहूब हिच्यासारखी दिसते. पण ही ती नाही." आई तिथेच उभी, हातात पाण्याचा पेला. बावन्न वर्षांचा संसार.

डॉक्टरांनी सांगितलं, याला कापग्रा म्हणतात. जोसेफ कापग्रा या फ्रेंच डॉक्टरांनी सहकाऱ्यासोबत १९२३ साली अशा रुग्णाचं वर्णन केलं होतं. पुढे मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी एका तरुण रुग्णावरून याची फोड केली. चेहरा ओळखणारा मेंदूचा भाग शाबूत असतो, पण त्या ओळखीला जिव्हाळ्याची जोड देणारी वाट तुटलेली असते. चेहरा आईचा दिसतो, पण आई दिसल्यावर आत जे हलायला हवं ते हलत नाही. मग मेंदू त्यातून एकच अर्थ काढतो, ही तोतया आहे. पण आवाजाची वाट वेगळी असते. रामचंद्रन यांचा रुग्ण फोनवर आईवडिलांना बरोबर ओळखायचा.

आम्ही तेच केलं. आई पलीकडच्या खोलीत जाऊन बाबांना फोन करायची. बाबा हरखून बोलायचे, "अगं, कुठे आहेस? कधी येणार? इथे एक बाई आहे, चांगली आहे बिचारी, जेवायला घालते." आई म्हणायची, "येते हं, उद्या येते." मग फोन ठेवून, डोळे पुसून, ती बाई होऊन त्यांना जेवायला घालायची.

संगमाकाठची, तुमच्या व्हिडिओबद्दल वाचलं तेव्हा माझ्या मनात हे आलं. बाबांना चेहरा बरोबर दिसत होता, पण आतून कुणी 'हीच' म्हणत नव्हतं. तुमच्या आत्याला कदाचित उलट झालं असेल. चेहरा चुकलेला आहे, पण आतून कुणीतरी 'हीच' म्हणालं. आत्या चुकल्या असं मला म्हणवत नाही.

---

मोडीलिपी

शमीची_पानं, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. यापुढे फ्रॉइडशी भांडायचं काही उरलं नाही माझ्याकडे.

---

संगमाकाठची

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. शमीची_पानं, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही, आणि सकाळी उठून आत्याला फोन केला. व्हिडिओ ग्रुपवरून काढायला सांगावं असं आधी मनात होतं. ते सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "आत्या, तो फोटो काढला तेव्हा तू होतीस का?"

होती. आठ वर्षांची. तिने सगळं सांगितलं. काकांच्या लग्नाआधी आजोबांनी आजीला हट्टाने स्टुडिओत नेलं होतं. आजीला फोटो नकोच होता, दातांमुळे. फोटोवाला म्हणाला, "हसा थोडं, आजी," तर आजीने ओठ आणखी घट्ट मिटले. मी फोटोत इतकी वर्षं जी करारी आजी बघत आले, ती दात झाकणारी आजी होती.

"मला काय दात दिसले नाहीत का गं?" आत्या म्हणाली. "तिला तसे नव्हतेच, मला ठाऊक नाही होय? पण तिने पापणी हलवली ना, तेवढ्यासाठी बघते मी. पुढचं बघत नाही. पापणी हलली की बंद करते."

मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "फोटोवाल्याने काळ्या कापडात डोकं घालून सांगितलं होतं, आता हलू नका. आई इतकी हलली नाही, इतकी हलली नाही, की मी घाबरले आणि तिचा पदर ओढला. तो फोटो वाया गेला. हा दुसरा आहे."

संध्याकाळी मूळ फोटो काढून पाहिला. डाव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, पदराला एक चुणी आहे. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी.